चौदा नंबरच्या कॅमेऱ्यातलं टक्कल

गोदामाच्या मागच्या गेटवरचा चौदा नंबरचा कॅमेरा चंद्रकोरीच्या दिवसांत संध्याकाळी साडेसहा ते आठ गेटकडे बघत नसून चंद्राकडे बघतो, ही गोष्ट अख्ख्या दापोड्यात दोनच माणसांना ठाऊक होती. एक सिक्युरिटी सुपरवायजर काळूराम भोईर आणि दुसरा मागच्या गेटचा म्हातारा वॉचमन चिंधू. तिसऱ्याला ती कळायची वेळ गुरुवारी सकाळी सव्वादहाला आली. हेड ऑफिसच्या सेफ्टी ऑफिसर रुचिका मॅडम न कळवता आल्या, चहा नको म्हणाल्या आणि कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"नवा नियम आहे," त्या म्हणाल्या. "कुठलाही एक कॅमेरा आणि कुठलाही अर्धा तास बघायचा. चौदा नंबर लावा. काल संध्याकाळी सात ते साडेसात."

गोदामात सोळा कॅमेरे होते आणि दिवसाचे चोवीस तास होते. त्यातून बाईंनी नेमकं हेच कसं उचललं, याचा विचार करायला काळूरामला वेळ नव्हता.

हे खूळ सुरू झालं तीन वर्षांपूर्वी. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी काळूरामने कल्याणहून एक जुनी दुर्बीण आणली. प्रोजेक्ट झाला, मुलगी सुटली आणि बाप अडकला. शहापूरच्या रूपाताई म्हणून एक निवृत्त विज्ञानशिक्षिका होत्या. त्यांनी त्याला सांगितलं, की चंद्राला हवेचं पांघरूण नाही. आकाशात भटकणारा एखादा दगड थेट चंद्रावर आदळतो आणि तिथे ठिणगी उडते. कोरीच्या दिवसांत चंद्राच्या अंधाऱ्या भागावर ती इथूनसुद्धा दिसू शकते, पण पापणी लवायच्या आत विझते, म्हणून कॅमेरा लागतो. शिवाय एकट्यादुकट्याने पाहिलेली ठिणगी कोणी मानत नाही. दुसऱ्या गावच्या दुर्बिणीत, त्याच सेकंदाला, त्याच जागी दिसली तरच ती खरी. काळूरामला हे फार आवडलं. पंधरा वर्षं सिक्युरिटीत काढलेल्या माणसाला साक्षीदाराचं महत्त्व कोणी शिकवायला नको.

तसला कॅमेरा घ्यायचा विषय त्याच्या बायकोने, रंजिताने, घरात दुसऱ्यांदा काढू दिला नाही. मग गेल्या दिवाळीत गोदामाला नवे, अंधारातसुद्धा दिसणारे कॅमेरे बसले. प्रत्येक चित्रावर तारीख, तास, मिनिट, सेकंद. काळूरामच्या मनात पाप आलं. मागचं गेट सहाला आतून कुलूपबंद व्हायचं. मग वायर काढायची, कॅमेरा उतरवायचा, त्याची काच फिरवून काढायची आणि प्लंबरकडून आणलेल्या पाइपच्या तुकड्याने तो चौकीच्या स्लॅबवरल्या दुर्बिणीला जोडून वायर परत लावायची. तेवढा दीड तास चिंधू गेटसमोरून हलायचा नाही, लघवीलासुद्धा नाही.

"कॅमेऱ्याला डोळा एक, मना दोन," तो म्हणायचा. "तुमी बिनघोर चंद्र बघा."

तीन वर्षांत काळूरामला एकही ठिणगी मिळाली नव्हती. बुधवारचं रेकॉर्डिंग तर त्याने अजून तपासलंही नव्हतं. ते आता रुचिका मॅडम तपासणार होत्या.

पडदा उजळला. वर कोपऱ्यात 'मागचं गेट १४' आणि सातची वेळ. खाली सगळा काळोख आणि काळोखात एक मोठं, गुळगुळीत, राखाडी, गोल काहीतरी. त्याच्या उजव्या कडेवर प्रखर उजेड.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. काळूरामचं तर पडद्यावरच आलं होतं. तेवढ्यात गोदामाचा मॅनेजर मनोज पुढे वाकला. मॅडमसमोर हुशारी दाखवायची संधी तो सोडणाऱ्यातला नव्हता.

"मॅडम, डोकं आहे हे. टकल्या माणसाचं! इकडून हॅलोजन पडलाय बघा, म्हणून चमकतंय. कॅमेऱ्याला डोकं लावून उभा आहे कोणीतरी."

"इतका वेळ?"

"हळूहळू सरकतंय बघा. डुलकी लागली असणार. मध्येच झटका देऊन परत जागेवर येतंय."

चंद्र सरकायचा आणि मिनिटभराने काळूराम दुर्बीण ढकलून त्याला जागेवर आणायचा, तो हा झटका. पण सुंठीवाचून खोकला जात असेल तर नको कोण म्हणेल? "डोक्यासारखंच दिसतंय खरं," काळूराम म्हणाला. ती त्याची पहिली चूक.

सात वाजून अठरा मिनिटांनी राखाडी गोलावर डावीकडे, वरच्या अंगाला, एक बारीक ठिणगी चमकली आणि विझली.

ज्या ठिणगीसाठी काळूराम तीन वर्षं थंडीत कुडकुडला, ज्यापायी त्याने सख्ख्या मेहुण्याचा साखरपुडा अर्धा टाकला, ती ही. सात, अठरा, एक्केचाळीस. ओरडावं, नाचावं, रूपाताईंना फोन लावावा असं त्याला झालं. त्याने दोन्ही मुठी खिशात घालून घट्ट आवळल्या.

"थांबवा," रुचिका मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पार बदलला होता. "मागे घ्या. हळू चालवा."

ठिणगी पुन्हा उडाली. तीन चित्रांत होती, चौथ्यात नव्हती.

"बिडी पेटवली!" मनोज ओरडला. "मॅडम, टकल्याने बिडी पेटवली!"

आत छपरापर्यंत प्रेशर कुकरचे पुठ्ठ्याचे खोके लागलेले होते. पुठ्ठा आणि ठिणगी यांची गाठ पडली की काय होतं, हे भिवंडीच्या गोदामपट्ट्यात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. बिडी म्हणजे त्याच दिवशी घरी, चौकशी नाही, अशी कंपनीची रीत होती. मॅडमनी लगेच मोबाइलवर काहीतरी टिपलं.

"ठिणगीची नोंद केली आहे. ती आता खोडता येत नाही, कारण लिहून निकालीच काढावी लागते. मागच्या गेटला टक्कल असलेलं कोण आहे?"

गोदामात टक्कल एकच होतं.

चिंधू टोपी हातात घेऊन आला. मनोजने त्याला पडद्याशेजारी उभं केलं, खांदे धरून जरा डावीकडे वळवलं आणि खिडकीचा उजेड बरोबर उजव्या बाजूने पाडला. साम्य खरंच विलक्षण होतं. डोक्यावर लहानपणी पडल्याच्या दोन खुणा होत्या, त्याही चंद्रावरच्या डागांशी साधारण जुळत होत्या.

चिंधूने पडद्याकडे पाहिलं. चंद्र त्याने लगेच ओळखला. इतक्या संध्याकाळी त्याने तो पाहिला होता. मग त्याने काळूरामकडे पाहिलं. काळूरामने मान खाली घातली.

"हे डोकं तुमचं का?" मॅडमनी विचारलं.

"हाय," चिंधू शांतपणे म्हणाला. "माझंच हाय."

"आणि बिडी?"

"बिडी माझी न्हाय."

"डोकं तुमचं आणि बिडी दुसऱ्याची?"

"डोकं म्हणाल तर हाय, बाय. पन बिडी न्हाय. वज्रेश्वरीला नारळ ठेवून सोडलीय. दोन वरसं झाली. बिडी वडली असंल तर आय वज्रेश्वरी बघून घेईल."

"बाबा, डोकं कबूल केलंत ना? बस झालं," मनोज म्हणाला. "बिडी काय हवेत पेटली?"

खरं तर ती हवा नसलेल्या जागी पेटली होती, पण हे सांगू शकणारा माणूस खिशात मुठी आवळून गप्प उभा होता. मॅडमच्या सांगण्यावरून मनोजने नोकरीवरून काढल्याचं पत्र टाइप केलं. प्रिंटर घरघरायला लागला. चिंधू काळूरामच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ द्या, दादा. चार म्हैन्यांनी जायचीच व्हती. पन बिडीपायी गेली असं लिवू नका म्हनावं. घरवाली बायजाबाय घरात घेयाची न्हाय. गावात तोंड कसं दाखवू?"

"काका, खरं का नाही सांगितलंत?"

"तुमची पोर अजून शाळंत हाय," चिंधू म्हणाला, जणू काळूराम ते विसरलाच होता.

काळूरामला स्वतःची अशी शरम वाटली, की आत्ता जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. मनोजने पत्र टेबलावर ठेवलं. चिंधूने पेन उचललं.

"मॅडम, ते डोकं नाही," काळूराम म्हणाला. "चंद्र आहे."

त्याने सगळं सांगितलं. कॅमेरा, पाइपचा तुकडा, दुर्बीण, दगड, काही राखून ठेवलं नाही. खरं बोललं की ओझं उतरतं असं मोठी माणसं सांगतात. ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला नाही तर ते दुप्पट होतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

"चंद्रावर दगड पडला आणि ठिणगी चौदा नंबरला दिसली," मॅडम सावकाश म्हणाल्या. "भोईर, वॉचमनला वाचवायचंय हे समजतं. पण जरा पटेल असं काही सांगा."

"मॅडम, हा भला माणूस आहे, इमोशनल झालाय," मनोजने मध्यस्थी केली.

"सायेब खोटं बोलतात," चिंधूनेही ठासून सांगितलं. "डोकं माझंच हाय!"

"काका, तुम्ही गप्प बसा!"

"चंद्र बिंद्र काय न्हाय, बाय. मी रोज आरशात बघतो, मना माझं डोकं कळत न्हाय?"

शेवटी मॅडमनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे. आज संध्याकाळी हेच चित्र ह्याच पडद्यावर मला दाखवा. त्या वेळी चिंधू माझ्यासमोर उभे असतील. दिसलं तर पुढचं बोलू. नाही दिसलं तर दोघांचं पत्र निघेल."

काळूरामने बाहेर जाऊन रूपाताईंना फोन लावला. त्यांनीही बुधवारी रेकॉर्डिंग केलं होतं, पण अजून पाहिलं नव्हतं.

"वेळ सांग. जागा सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "जागा माझी मी शोधणार, नाहीतर त्या साक्षीला अर्थ नाही. आणि काल माझ्याकडे मधूनमधून ढग होते बरं का, काळूराम. असेल तर आहे म्हणेन, नसेल तर नाही म्हणेन. मी खोटं बोलणार नाही."

"नका बोलू ताई," काळूराम म्हणाला आणि त्याने वेळ सांगितली.

साडेसहाला तो स्लॅबवर चढला. आकाश स्वच्छ होतं, कोर गोदामाच्या पत्र्यांवर छान वर होती. घात केला तो हातांनी. घाईघाईत बोटांतून पाइपचा स्क्रू निसटला आणि खाली काळोखात कुठेतरी टिणकन वाजला. काळूरामने खोके चिकटवायच्या टेपची गुंडाळी मागवली आणि कॅमेरा दुर्बिणीला जखमेला पट्टी बांधावी तसा गुंडाळून टाकला. पडदा खालच्या चौकीत आणून लावला होता; तिथे मॅडम, मनोज आणि मध्ये चिंधू. वर काळूरामला काहीच दिसत नव्हतं.

"दिसतंय का?" तो वरून ओरडला.

"नाही!" खालून मनोज.

"आता?"

"काळं आहे सगळं!"

"आता?"

"काही तरी पांढरं आलं! गेलं!"

रस्त्याने कंटेनर जात होते आणि प्रत्येकाबरोबर स्लॅब थरथरत होता. काळूरामने श्वास रोखला, दुर्बीण केसभर ढकलली, परत केसभर मागे आणली. वाकून वाकून त्याची पाठ आखडली. खाली सगळं चिडीचूप झालं. आता काय, पत्रावर सह्या चालल्या की काय, असं वाटून तो खाली डोकवायला निघाला आणि तेवढ्यात मनोजचा आवाज आला.

"आयला, टकला परत आला!"

काळूराम धडपडत खाली उतरला. पडद्यावर राखाडी गोल होता, उजवी कड झगझगत होती. पडद्यासमोर टोपी काढून चिंधू उभा होता. मॅडम एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होत्या. एवढं सगळं झालं तरी चिंधू कबूल करायला तयार नव्हता.

"जुळं असंल," तो पुटपुटला.

"पुरे, चिंधू. तो चंद्र आहे," मॅडम म्हणाल्या. "भोईर, एवढं मी मान्य करते. पण कालच्या ठिणगीचं काय? तो चंद्र असला तरी कॅमेऱ्यापुढे कोणी बिडी धरली नव्हती कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. रूपाताईंनीही हाच विचारला असता. काळूरामकडे आता त्या एका फोनशिवाय काही उरलं नव्हतं. सात वाजले, सव्वासात वाजले. मॅडमची गाडी सुरू करून ड्रायव्हर वाट बघत होता. सात वीसला काळूरामचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला.

"सात अठरा एक्केचाळीस," रूपाताई म्हणाल्या. "ढगांच्या मधल्या फटीत सापडलं. फोटो पाठवलाय. मी जागा सांगत नाही, तिथल्या मॅडमना स्वतः ताडून बघू दे."

मॅडमनी मोबाइल हातात घेतला आणि बुधवारचं चित्र लावलेल्या पडद्याशेजारी धरला. पडद्यावर ठिणगी डावीकडे वर होती. फोटोत ती उजवीकडे खाली होती.

"जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजातसुद्धा वाईट वाटल्याचं कळत होतं.

काळूराम मटकन स्टुलावर बसला. चिंधूने मॅडमच्या हातातला मोबाइल हळूच काढून घेतला. त्याला आयुष्यात मोबाइल कधी सुलटा धरता आला नव्हता. घरचा फोन आला तरी तो बोलायच्या जागी कान लावायचा. त्याने मोबाइल हात लांब करून धरला, डोळे बारीक केले, पडद्याकडे पाहिलं, परत मोबाइलकडे.

"बरूबर तर हाय," तो म्हणाला. "उजेड हिकडं, ठिणगी तिकडं. काय येगळं हाय?"

"काका, उलटा धरलाय तुम्ही!" काळूराम ओरडला आणि ओरडता ओरडताच उभा राहिला. "ताई! तुमच्या दुर्बिणीत उलटं दिसतं ना?"

"म्हणजे काय, पहिल्यापासून उलटंच दिसतं," फोनवरून रूपाताई म्हणाल्या. "सांगितलं नाही का मी?"

मॅडमनी उलट्या धरलेल्या मोबाइलवरची जागा बोटाने मोजली, मग पडद्यावरची मोजली. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यांनी पत्र उचललं आणि फाडलं. "शहापूरमध्ये आणि दापोड्यात एकाच सेकंदाला एकच बिडी कोणी ओढू शकत नाही," त्या म्हणाल्या.

काळूरामला रडू आलं. तीन वर्षांची ठिणगी खरी ठरली म्हणून, की चिंधूकाका सुटले म्हणून, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. चिंधूने टोपी डोक्यावर घातली आणि वज्रेश्वरीच्या दिशेने हात जोडले.

पण नोंद निकाली काढायची राहिली होती. मॅडम गाडीत बसून मोबाइलवर फॉर्म भरायला लागल्या आणि काळूराम खिडकीशी उभा राहिला. घटना: ठिणगी. ठिकाण: आवाराबाहेर, चंद्राचा अंधारा भाग. कारण: दगड पडणे. जबाबदार व्यक्ती: कोणी नाही. शेवटच्या रकान्याशी त्या थबकल्या.

"भोईर, कंपनीचा कॅमेरा दुर्बिणीला लावलात हे मला लिहावंच लागेल."

"लिहा मॅडम. खरं ते लिहा."

त्यांनी लिहिलं आणि गाडी मानकोलीच्या दिशेने निघून गेली. रंजिताला काळूरामने रात्री सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "चंद्रापायी नोकरी घालवणारा आमच्या दोन्ही खानदानांत तू पहिलाच."

सोमवारी हेड ऑफिसचं पत्र आलं. काळूरामने ते चौकीत उघडलं, कारण एकट्याने उघडायचा धीर नव्हता. "वाचा दादा," चिंधू म्हणाला. "काय असंल ते असंल."

काळूरामने वाचायला घेतलं. "आपल्या गोदामाच्या संदर्भात दिनांक अमुक रोजी झालेल्या ठिणगीच्या घटनेची गंभीर दखल घेण्यात आली आहे. सदर ठिकाण अंधारे असल्याचे नोंदीवरून दिसते. अंधारी जागा ही सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याची असून तेथे सात दिवसांत प्रकाशाची सोय करावी. सोय होईपर्यंत सिक्युरिटी सुपरवायजर यांनी कॅमेरा क्रमांक चौदाद्वारे सदर ठिकाणावर स्वतः नजर ठेवावी व अहवाल पाठवावा."

नोकरीवरून काढल्याचा शब्द पत्रात कुठेच नव्हता. काळूरामने मागची बाजूही बघितली.

"सात दिसांत?" चिंधूने बोटं मोजली. "ऐतवारी पुनव हाय. लाईट आपोआप लागंल. लिवून टाका."

"आणि नंतर काका? अवसेला परत अंधार."

"त्ये बी लिवा. लपवाछपवी नको आता."

काळूरामने त्याच दिवशी उत्तर धाडलं. सदर ठिकाणी प्रकाशाची सोय रविवारपर्यंत पूर्ण होईल; मात्र ती पंधरा दिवसांत बंद पडते असा जुना अनुभव असल्याने चौदा नंबरने नजर ठेवण्याची कायमची परवानगी मिळावी, ही विनंती.

आठवड्याने हेड ऑफिसचा शिक्का मारलेलं उत्तर आलं. परवानगी मंजूर झाली होती. खाली हाताने एक ओळ लिहिलेली होती: प्रकाशाची सोय दर महिन्याला बंद पडत असेल, तर ठेकेदार बदलावा.